म्हाताऱ्या कटल्याच्या चोवीस नळ्या

महेश्वरी माझी बहीण. सख्खी, धाकटी, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी ल्हान. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे सांगणार हाय ते ऐकून तुमी म्हणाल, असा कसला भाऊ. तर असला भाऊ मी. गौरीशंकर. सोनारीत भैरवनाथाच्या देवळाकडं जाताना उजव्या हाताला नारळ-प्रसादाचं दुकान दिसल, त्याच्यावर पाटी हाय, ‘महेश्वरी प्रसाद भांडार’. दुकान माझं, नाव तिचं. माझ्याकडून नारळ घेऊन माझ्या बहिणीची गोष्ट न ऐकता देवळापतूर पोचलेला माणूस अजून जल्माला यायचा हाय.

मी नववीतून बाहेर पडलो. वडील गेले तवा ती पाळण्यात नव्हती एवढंच, दीड वर्षाची आसल. तिला शाळेत सोडायला मी, आणायला मी, उदगीरला माशाच्या कॉलेजात नाव घालायला बी मीच. त्या दिवशी अव्वा, म्हणजे आमची आई इरम्मा, दिवसभर जेवली न्हाय. अव्वाचं माहेर आळंदकडचं, कानडी मुलखातलं. पक्की लिंगायत. आमच्या घरात अंडं शिवलेलं न्हाय, अन पोरगी मासे शिकायला निघाली.

“यव्वा, गळ्यातल्या लिंगाला काय वाटल?” अव्वा म्हणली.

मही म्हणली, “अव्वा, मी मारायला शिकत न्हाय. जल्माला घालायला शिकतीय.”

अव्वा जेवली न्हाय ते न्हायच, पण पुढं गल्लीत कुणी टोमणा मारला की हेच उत्तर ती आपलंच म्हणून ठोकून द्यायची.

आता मही काय करती ते सांगतो. सोप्पं सांगतो, मला बी तिनं असंच सांगितलंय.

गावोगाव डॉक्टर फटफटीवर कॅन बांधून येतो, वळूची नळी काढून गायीला भरतो, हे तुमी बघितलं असल. मही तेच माशाचं करती. सीनेच्या काठाला मासेबीज संस्था हाय, धोंडीबा तात्या तिथले चेअरमन, जल्मभर पाण्यात काढलेला म्हातारा माणूस. तिथं पावसाळ्यात मासे अंडी देतात, नराचं वीर्य त्याच्यावर पडतं, पिल्लं होतात, ती तळ्यात सोडतात. वीर्य हा शब्द मही दुकानात, गिऱ्हाइकापुढं बी खणखणीत बोलती, आन मी नारळ मोजायला लागतो. ते दिसायला दुधावानी असतंय, म्हणून आमच्या घरात त्याला दूधच म्हणतात. अव्वानंच पाडलं ते नाव.

हे दूध माशाच्या पोटात असंस्तोवर झोपलेलं असतंय. पाण्याचा थेंब लागला की जागं होतंय आणि पळत सुटतंय. किती वेळ? मिनिटभर. तेवढ्यात अंडं घावलं तर घावलं, न्हायतर दमून संपलं. म्हणून महीच्या खोलीत सगळं कोरडं लागतं. एकदा महीनं घरी आणलेल्या काचेच्या वाट्या अव्वानं माया करून धुऊन ठेवल्या, तशाच ओल्या. मही एक एक वाटी चुलीपाशी वाळवत बसली.

गोठवणं त्याहून अवघड. पाण्याचा बर्फ होताना बारीक सुया होतात, त्या आतून टोचतात, दुधातल्या जिवाच्या अंगाला भोकं पडतात. म्हणून आधी त्यात औषध घालायचं, लसणावानी वास येतो त्याला. मंग बारीक नळ्यांत भरायचं, पातळ केलेल्या नायट्रोजनच्या वाफेवर बेतानं धरायचं, आन मंग बुडवायचं. उणे एकशे शहाण्णव डिग्री. मी हा आकडा दुकानात सांगतो तवा माणसं नारळ खाली ठेवतात. वितळवताना मात्र उलटं, झटक्यात. अडतीस डिग्रीच्या पाण्यात नळी टाकायची, दहा अंक मोजायचे, काढायची, पुसायची, कापायची. हळू वितळलं तर पुन्हा सुया होतात. आन एकदा वितळलेलं परत गोठवायचं न्हाय. कधीच न्हाय.

एवढं सगळं नीट करून बी शंभरातलं सगळं काही जागं होत न्हाय. पयल्या वर्षी तिचं शंभरात दहा जागं झालं. मंग वीस. मंग एक दिवस मला दुकानावर फोन आला, “अण्णा, सत्तर!” मला काही कळलं न्हाय, पण म्या समोरच्या गिऱ्हाइकाला फुकट पेढे दिले.

ते सत्तर कुणाचं, तर म्हाताऱ्याचं. म्हातारा म्हणजे एक कटला जातीचा मासा. संस्थेतले मासे वीस-बावीस वर्षं एकाच घरातले, आपसातच जुळवलेले. पिल्लं बारकी निघायला लागली, काही तर वाकड्या शेपटाची. तात्यांच्या पोरांनी तीन वर्षांमागं धरणाच्या फुगवट्यातून एक नर जित्ता आणला. अठरा किलोचा, डोकं पितळेच्या घागरीएवढं. महीनं त्याचं दूध काढलं अन चोवीस नळ्या भरल्या. पुढच्या उन्हाळ्यात दुष्काळ पडला, तळं आटलं, टँकर आणून बी म्हातारा वाचला न्हाय. असला नर पुन्हा जाळ्यात आला न्हाय.

म्हणजे उरल्या त्या चोवीस नळ्या. यंदा जोडीची मादी तयार झाली व्हती. तात्या म्हणले व्हते, “पोरी, एवढ्या सालात पिल्लं दाखव. न्हाय दाखवली तर संस्थेची मंडळी नायट्रोजन बंद करा म्हणत्यात, मला त्यांना थोपवता यायचं न्हाय.”

तर आता माझी करणी.

जूनमधी संस्थेच्या खोलीचे पत्रे बदलायचे व्हते. चार दिवसांसाठी महीनं नळ्यांचं नायट्रोजनचं कॅन घरी आणलं. ओसरीत वारं येतं तिथं ठेवलं अन मला म्हणली, “अण्णा, झाकण काढायचं न्हाय. आत दांडीला डबा लटकवलाय, तो वर घ्यायचा न्हाय. ध्यानात ऱ्हाईल?”

“मी काय ल्हान हाय का?” म्या म्हणलं.

त्यातल्याच रविवारी लातूरचे पाव्हणे महीला बघायला आले. पोरगा बसवेश, त्याची आई, आन मामा हणमंतप्पा. मही आत साडी नेसत व्हती. अव्वा पोह्यांवर खोबरं घालत व्हती. बाहेर मी.

पोराच्या आईनं इचारलं, “मुलगी कामाला जाती म्हणं?”

“जाती की. मासेबीज संस्थेत.”

“म्हणजे मासे धरती?”

“धरत न्हाय, अक्का. पैदास करती.”

हणमंतप्पा मामा मिशीत हसले. “लिंगायताची पोर आन माशात हात! लिंग गळ्यात ठेवून जाती का खुंटीला अडकवून?”

पोराच्या आईनं पदर नाकाला लावला. आमच्या ओसरीत. जिथं सकाळीच अव्वानं सारवून ऊद घातला व्हता.

माझ्या डोक्यात काय शिरलं ते मला सांगता यायचं न्हाय. सांगायची गरज बी न्हाय, ज्याला बहीण हाय त्याला कळल. मी उठलो. म्हणलं, “मामा, हिकडं या. वास घ्या. ह्यात वास येतो का बगा.” अन झाकण काढलं.

आतून अव्वा वरडली, “गौऱ्या, महीनं हात लावू नको म्हणलंय!”

“हात कुठं लावतोय, दांडी धरलीय नुसती!”

डबा वर घेतला. पांढरी वाफ कॅनच्या तोंडातून खाली उतरली, मामांच्या धोतरावर आली. मामा दोन पावलं मागं सरले. ते बघून मला असं बरं वाटलं म्हणता! मंग मी बोललो. काय बोललो ते पुढं येईलच. डबा हातात लटकत व्हता अन मी बोलत व्हतो.

मग पोराची आई म्हणली, मला बी बघू द्या. पुन्हा वर घेतला. बसवेश बाहेर फोनवर व्हता, तो आला. पुन्हा वर घेतला. त्याला जास्त वेळ दाखवलं. मही च्याचे कप घेऊन आली तवा झाकण लावलेलं, वाफ जिरलेली, आन मी मांडी घालून बसलेलो.

पाव्हण्यांचा पुढं फोन आला न्हाय. जाऊ द्या.

बुधवारी पत्रे झाले. मीच छोट्या हत्ती टेम्पोत कॅन घालून संस्थेत नेलं. त्या दिवशी मादीला पहाटं इंजेक्शन दिलेलं व्हतं. दुपारी चारच्या सुमाराला तिची अंडी काढायची, त्याच्यावर म्हाताऱ्याच्या नळ्या वितळवून घालायच्या, असं ठरलेलं. तात्या आले व्हते, संस्थेचे दोन-तीन गडी व्हते. मला बी थांबायचंच व्हतं, दुकानात सांगायला काही तरी पायजे.

महीनं आधी एक नळी काढली, बघायला. पाण्यात टाकली, दहा मोजले, पुसली, कापली, थेंब काचेवर घेतला, पाणी लावलं, मायक्रोस्कोपला डोळा लावला.

तिनं काच जराशी सरकवून पुन्हा डोळा लावला.

“काय गं?” तात्या म्हणले.

“थांबा.” तिनं दुसरी नळी काढली. पुन्हा सगळं तसंच. पुन्हा डोळा लावला.

“शंभरात तीन-चार हालतायत,” ती म्हणली. आवाज अगदी साधा. तिचा आवाज असा साधा झाला की मला भ्या वाटतं, ल्हानपणी ताप चढला की ती अशीच बोलायची.

“सत्तर म्हणत व्हतीस की!”

“व्हते, तात्या. मार्चमधी एक नळी बघितली तवा सत्तरच व्हते.”

महीनं लाकडी पट्टी कॅनमधी घालून नायट्रोजन मोजला. भरपूर व्हता. तात्या गड्यांकडं बघून म्हणले, “म्या म्हणत व्हतो. पुस्तकातलं पुस्तकात चालतंय. पोरीचं कायतरी चुकलं असल, औषध कमीजास्त झालं असल.”

मही म्हणली, “असल. माझंच काहीतरी चुकलं असल.”

मी दारात उभा व्हतो. मला अजून नक्की कळलं नव्हतं, पण रविवारची वाफ आठवत व्हती. म्हणलं, नसल आपल्यामुळं. जरासं वाफ बघितल्यानं काय व्हतंय. मी गप ऱ्हायलो. खरं सांगतो, गप ऱ्हायलो. बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. परत आलो तर मही आपली वही उघडून औषधाचं माप पुन्हा पुन्हा तपासत व्हती, एकेका ओळीवर बोट ठेवून.

म्या म्हणलं, “मही, म्या डबा वर घेतला व्हता.”

तिनं मान वर केली.

“पाव्हणे आले तवा. त्यांना दाखवायला.”

 मला वाटलं आता ती वरडल. मला ती वरडायला पायजे व्हती. पण तिनं इचारलं, “किती येळा?”

“तीन.”

“किती वेळ, एकेकदा?”

“थोडाच.”

“थोडा म्हणजे किती, अण्णा?”

“घड्याळ कोण बघतंय? मी बोलत व्हतो.”

“काय बोललास?”

“आता ते कशाला?”

तिनं मोबाईल काढला, वेळ मोजायचं लावलं. “जे बोललास ते बोल. जसंच्या तसं. तू बोलायला लागलास की मी चालू करते, झाकण लावलंस तिथं थांब.”

“हितं? ह्यांच्यापुढं?”

“हितंच.”

मी धोंडीबा तात्यांकडं बघितलं. ते खाली बघत व्हते.

“हे बगा मामा,” मी बोललो.  “ही वाफ बगा. उणे एकशे शहाण्णव डिग्री. हिमालयात बी एवढी थंडी न्हाय. ह्या नळीत एक जीव झोपलाय. मरून गेलेल्या माशाचा. आमची मही त्याला दोन वर्षांनी उठवणार हाय. उभ्या जिल्ह्यात हे करणारं दुसरं माणूस मला दाखवा. गावात न्हायत तेवढे डॉक्टर तिला इचारायला येतात.”

“कोण डॉक्टर येतात?” मही म्हणली.

“ते असंच. जोडीला.”

“पुढं बोल.”

“दीड वर्षाची व्हती, बाप गेला. हिला म्या खांद्यावर शाळेत नेली. पायात चप्पल नव्हती हिच्या. तुमी वास म्हणता? हिच्या हाताला वास न्हाय मामा, हिच्या हाताला...” पुढं मला येईना. त्या दिवशी आलं व्हतं, धडाधड. आज येईना.

“अण्णा, थांबू नको. वेळ चुकल.”

“हिच्या हाताला पुण्य हाय, म्हणलो व्हतो. मंग झाकण लावलं.”

मही मोबाईलकडं बघत म्हणली, “एक मिनिट चाळीस.” वहीत लिहिलं. डोळे वर न करता म्हणली, “आता दुसरं. पोराच्या आईला.”

ते पन्नास सेकंदांत झालं, त्या बाईला वाफेची भीती वाटली व्हती. तिसरं दोन मिनिटं पाच.

“हे कुणाला एवढं?”

“बसवेशला.”

“त्याला कशाला?”

“पोरगा बरा वाटला मला. तो हसला न्हाय.”

तिच्या ओठाला जरा वाकडं काहीतरी झालं, हसू म्हणता येईल एवढं. मंग पुन्हा वहीत डोकं. “दांडी किती वर घेतलीस? हातानं दाव. खरं दाव.”

मी कॅनच्या तोंडावर वीत धरली. “एवढा. पुरा बाहेर न्हाय काढला. वाफ तोंडापाशीच चांगली दिसत व्हती.”

“म्हणजे डब्याचा खालचा भाग कॅनच्या मानेत व्हता.”

“तळ आतच व्हता. शपथ.”

ती उठली. “अण्णा, दुकानात लाईट गेल्यावर फ्रीजमधल्या कुल्फीचं काय व्हतंय?”

“पातळ व्हती.”

“लाईट आल्यावर?”

“परत गोठती. पण तिची चव जाती. नुसता रवाळ बर्फ लागतो, कचाकचा.”

“तसं झालंय. तू तीन येळा लाईट घालवलीस. वरच्या मजल्यावरच्या नळ्या तीन येळा जराशा सुटल्या अन तीन येळा परत गोठल्या. सुया झाल्या.” हे ती मला सांगत व्हती, का तात्यांना, का स्वतःलाच, कुणास ठाऊक. “पण डब्यात दोन मजले हायत. नळ्या खाली बारा, वर बारा. एक मार्चमधी गेली, दोन आता, तिन्ही वरच्याच. खालच्या म्या अजून बघितल्याच न्हायत.”

तिनं चिमटा घातला. दांडी उचलली ती एवढीशीच, तोंडाच्या आतच ठेवून, आन तळातली एक नळी अशी झटक्यात काढली की मला दिसली बी न्हाय. पाणी, दहा अंक, पुसली, कापली. डोळा लावला.

मी भैरवनाथाला काही बोललो न्हाय. एवढं मागायचं तोंड नव्हतं.

“तीस,” मही म्हणली. “तीस हायत, अण्णा. दमलेले हायत, पण पळतायत.”

तात्या म्हणले, “सत्तराचे तीस? त्यानं काय व्हणार?”

“अंडी कमी घेऊ, तात्या. चमच्याभर. एरवी चमच्याला चार नळ्या पुरत्यात, आपण अकराच्या अकरा घालू. बाकीच्या अंड्यांना तळ्यातल्या नराचं ताजं दूध घालू, ती वाया जायची न्हायत.” मंग म्हणली, “सगळ्या जातील पण. काही उरायचं न्हाय. जमलं तर आज जमलं.”

तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं, टोपी घातली. “तुझा भाऊ हाय म्हणून सोडतो ह्याला,” ते म्हणले. “दुसरा असता तर तळ्यात बुडवला असता.”

“बुडवा की,” मी म्हणलो.

“नको. तळ्यातले मासे त्याची बडबड ऐकून मरतील,” मही म्हणली.

चार वाजता मादी आली. दोन गड्यांनी ओल्या कापडात धरलेली, लेकराला आंघोळीनंतर धरतात तशी. महीनं पोटाखालचा भाग कोरडा पुसला, बोटं हलक्या हातानं फिरवली, आन अंडी परातीत वाहायला लागली. राजगिऱ्यावानी बारीक, पिवळसर. चमचाभर वेगळी काढून कोरड्या ताटलीत घेतली. अंडी ढवळायला पीस लागतं. बाकी ठिकाणी कोंबडीचं घेतात. मही मोराचं वापरती, येडशीच्या रामलिंगाला गेल्यावर अव्वा रानात पडलेली पिसं वेचून आणती तिच्यासाठी.

मला म्हणली, “अण्णा, तू मोज.”

“मी?”

“दहापतूर येतंय का?”

अकरा नळ्या गरम पाण्यात पडल्या. मी मोजायला लागलो. आयुष्यात नारळ मोजले, हार मोजले, एवढं जपून कधी मोजलं न्हाय. दहाला नळ्या बाहेर. ती एकेक पुसून, टोक कापून ताटलीवर धरत व्हती. मी वाकून बघत व्हतो, तशी ती एकदम म्हणली, “मागं हो! डोळे पूस आधी. थेंब पडला तर सगळं आत्ताच जागं हुईल.”

मला माझं मला कळलंच नव्हतं. मी मागं सरून बाहीनं डोळे पुसले. गडी दुसरीकडं बघायला लागले.

पीस फिरलं. दूध आणि अंडी एक झाली. मंग महीनं वाटीनं पाणी सोडलं, आन म्या मनात पुन्हा मोजायला सुरुवात केली, साठपतूर. ते एक मिनिट म्हाताऱ्याचं व्हतं. साठ झाले. दिसायला काहीच झालं न्हाय. ताटलीत पिवळे दाणे, वर पाणी.

“आता?” मी म्हणलो.

“आता घरी जा. सकाळपतूर कुणालाच काही कळत न्हाय.”

वाटेला लागताना ती गेटपतूर आली. म्या म्हणलं, “मही, तू तात्यांपुढं माझंच चुकलं असल म्हणलीस. आन मी नळावर तोंड धूत व्हतो.”

“बघितलं म्या.”

“तुला राग न्हाय आला?”

“आला की. अजून बी हाय.” ती गेटच्या कडीशी चाळा करत व्हती. “पण अण्णा, चपलेचं कशाला सांगितलंस त्यांना? मला चप्पल व्हती. तुलाच नव्हती.”

म्या गाडी चालू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी संस्थेत पोचलो. दुकान उघडलं न्हाय. अव्वा बी संगं निघाली, आजपतूर तिनं त्या गेटच्या आत पाय ठेवला नव्हता. लिंग पदराआड धरून, चप्पल बाहेर काढून आत आली, देवळात आल्यावानी.

मही टबापाशी बसली व्हती. ताटलीतली अंडी तिनं टबात सोडली व्हती, वरून बारीक धार चालू. पाणी पिऊन अंडी फुगली व्हती, साबुदाण्याएवढी. बघितलं तर पांढरीच पांढरी. कच्चा साबुदाणा टबभर पसरावा तशी. मी खाली बसलो.

“मेली?” अव्वानं इचारलं.

“पांढरी ती मेली,” मही म्हणली. “आता मधी मधी बघ, अव्वा. शिजलेल्या साबुदाण्यावानी आरपार दिसतायत ती.”

व्हती. इथं एक, तिथं दोन. कोपऱ्यात धारेपाशी एक झुबका. महीनं टबाखाली काळं कापड सरकवलं, मंग दिसलं, आत केसाएवढी रेघ. ती रेघ वळवळली.

अव्वानं पदर तोंडाला लावला, काहीतरी कानडीत पुटपुटली.

“किती असतील?” मी इचारलं.

“चमच्यात दीड एक हजार अंडी व्हती. दीडशे-पावणेदोनशे जित्ती दिसतायत. म्हाताऱ्याचं घर चालू ऱ्हायला तेवढी पुरतात. पण पांढऱ्यांना आता बुरशी धरल, ती जित्यांना लागल. दुपारच्या आत पांढरी सगळी उचलायला पायजेत.” तिनं एक ड्रॉपर माझ्या हातात दिला, औषधाच्या बाटलीला असतो तसला. “एकेक.”

मी वेचायला बसलो. एक ओढायचं, बादलीत सोडायचं. दुसरं ओढायचं, बादलीत सोडायचं. तात्या आले, वाकून बघून गेले, बाहेर गड्यांना मोठ्यानं काहीतरी सांगायला लागले. अव्वा भिंतीला टेकून बसली. मही माझ्या शेजारी दुसरा ड्रॉपर घेऊन.  माझ्या बादलीत पांढरा थर चढत चालला. प्रत्येक अंडं उचलताना मला ठावं व्हतं ते कुणामुळं पांढरं झालं, पण तिनं तसं म्हणलं न्हाय आणि म्या बी न्हाय.

आठ वाजून गेले असतील. पाठ भरून आली व्हती. मी एक उचललं, बादलीवर धरलं, तशी महीनं माझं मनगट धरलं.

“थांब. ते पांढरं न्हाय. उजेड पडलाय त्याच्यावर.”

मी ड्रॉपर खिडकीकडं धरला. काचेच्या आत, पाण्याच्या थेंबात, दाणा. दाण्यातली रेघ एकदा आखडली, सुटली, पुन्हा आखडली, अन दाणा फाटला. काचेच्या नळीत शेपूट फिरलं.

“परत सोड,” मही म्हणली. “सावकाश.”

मी हात टबात बुडवला आन सावकाश सोडलं.